पाने पूजेत, तेल अंगणात

माझ्या बायकोच्या मते मी जन्मभर एकच काम केलं. लोकांच्या गाड्यांतली घाण काढली आणि ती अंगावर घेऊन घरी आलो. यात खोडून काढण्यासारखं काही नाही. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये मी उमेदीची सगळी वर्षं गाड्यांखाली उताणा पडून काढली. गिऱ्हाइकांना माझे फक्त पाय माहीत. एकदा मंडईत एक गृहस्थ माझ्या तोंडाकडं बघून सरळ पुढं गेले. मग डाव्या पायाच्या वाकड्या अंगठ्यावर नजर पडली तसे मागं वळले नि म्हणाले, "दिनकर मिस्त्री न्हवं? वरनं वळखलंच न्हाय बगा."

निवृत्त झाल्यावर काही दिवस घरात बसलो. मग शालन, म्हणजे आमच्या घरचं हायकोर्ट, म्हणाली, "अवो, तुम्ही कुठंतरी कामाला जावा. सोफ्याखाली शिरून स्प्रिंगा बघायला लागलासा आता."

तेव्हापासून मी लोकांच्या दारात जाऊन गाडीचं ऑइल आणि फिल्टर बदलून देतो. गॅरेजात गाडी न्यायला नको, दिवसभर खोळंबा नको. स्कूटरला मागं लाकडाचे दोन उतार बांधलेले असतात. त्यांच्यावर गाडीची पुढची चाकं चढवली, की खाली शिरायला जागा होते. ते उतार बघून पाचगावात एका आजींनी मला थांबवलं. "ओ सुतार, आमच्या पलंगाचा पाय हलतोय बगा." मी पलंगाचा पाय बसवून दिला. त्यांच्याकडं गाडीच नव्हती.

ज्यांनी बॉनेट फक्त वायपरचं पाणी भरायला उघडलंय त्यांच्यासाठी धंदा थोडक्यात सांगतो. इंजिनात लोखंडाशेजारी लोखंड फिरत असतं, आणि दोघांच्या मधे तेलाचा एक पातळ पडदा असतो. भावकीत एखादा शहाणा म्हातारा मधे बसलेला असतो, म्हणून दोन घरं एकमेकांना घासत नाहीत, तसं. म्हातारा थकला तर बदलून मिळत नाही. तेल मिळतं.

गाडी थोडी गरम करायची, म्हणजे तेल पातळ होऊन घाण बरोबर घेऊन येतं. उतारावर चढवून हॅंडब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना दगड लावायचे. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली शिरायचं नाही. जॅक गाडी उचलायला असतो, सांभाळायला नव्हे. मग इंजिनखालच्या चेंबरचा नट काढायचा आणि काळं तेल घमेल्यात पडू द्यायचं. थेंब थांबले की नट परत बसवायचा. पुढं फिल्टर. तो म्हणजे तांब्याएवढा पत्र्याचा डबा, तोंडाला रबरी रिंग. जुना फिरवून काढायचा, नव्याच्या रिंगेला बोटानं तेल लावायचं आणि हातानं आवळायचा. हातानंच. वरनं नवीन तेल ओतायचं, गाडी जरा चालवून बंद करायची, तेल खाली उतरू द्यायचं, मग तेल मोजायची दांडी काढून, पुसून, परत घालून बघायची. तेल दोन खुणांच्या मधे दिसलं की काम संपलं.

एवढ्या सोप्या कामात चुकायला जागा कुठं आहे, असं तुम्ही म्हणाल. जागा भरपूर आहे. माझ्या सगळ्या वापरून झाल्यात.

राजारामपुरीत एक निवृत्त हेडमास्तर आहेत. त्यांच्या गाडीचा नट मी काढला, तेल सोडलं आणि नट हरवू नये म्हणून पुसून खिशात ठेवला. फार जपून ठेवला. मग वरनं नवीन तेल ओतायला लागलो. गुरुजी शेजारी उभे राहून खाली बघत होते. शेवटी हळूच म्हणाले, "दिनकरराव, हे वरनं घालायचं आणि खालनं काढायचं, असं किती वेळ करायचं असतं?"

मी खिसा चाचपला. नट होता. जिथं असायला पाहिजे तिथं सोडून.

"इंजिन धुतोय गुरुजी," मी म्हटलं.

गुरुजींनी ते खरं मानलं. एवढंच नव्हे, कॉलनीत सांगितलं की हा मिस्त्री आधी कोऱ्या तेलानं इंजिन धुतो, मग भरतो. आता तिथली माणसं फोन करून विचारतात, "धुऊन देणार न्हवं?" काय सांगणार!

फुलेवाडीत तर त्याहून पुढं गेलो. काही गाड्यांत चेंबरच्या नटापासून हातभर अंतरावर गिअरबॉक्सचा नट असतो. जुळे भाऊच. मी भलत्या भावाला हात घातला. खाली आलं ते तेल इतकं स्वच्छ, की मी मालकाला म्हटलं, "साहेब, गाडी काय सांभाळलीय तुम्ही! असं तेल मी जन्मात बघितलं न्हाय." मालकांनी आनंदानं बायकोला बाहेर बोलावलं. "बघ, मिस्त्री काय म्हणतायत." त्यांनी चहाबरोबर चिवडा आणला. मग मी वरनं तेल भरलं, दांडी बघितली, तर इंजिनला तेल अगदी गळ्यापर्यंत आलेलं आणि गिअरबॉक्स कोरडा. नुकसान भरून देता येतं हो. दिलेलं कौतुक परत मागायला तोंड उघडत नाही. तेही चिवडा खाल्ल्यावर.

निघालेलं काळं तेल मी डब्यात भरून परत नेतो, गटारीत ओतू देत नाही. गटारीतलं शेवटी पंचगंगेत जातं आणि तिथनं आपल्याच नळाला येतं. पण हे तेल मागणारी माणसं भेटतात. कुणाला दाराच्या बिजागरीला पाहिजे, कुणाला गोठ्याच्या वाशांना. राधानगरीकडनं लेकाकडं राहायला आलेल्या एका आजींनी मला विचारलं, "गुडघ्याला चालतंय का रं हे?"

"न्हाय आजी. इख असतंय ते."

"मग तुजं हात एवढं मऊ कशानं?"

मी हात खिशात घातले.

खंत म्हणाल तर एक आहे. आता बिनतेलाच्या, बॅटरीवरच्या गाड्या यायला लागल्यात. परवा अशाच एका गाडीचं बॉनेट कौतुकानं उघडलं, तर आत सुटकेस ठेवायची जागा. ओळखीच्या घराची कडी वाजवावी आणि दार भलत्याच बिऱ्हाडानं उघडावं, तसं झालं. माझी विद्या माझ्याबरोबरच जाणार, हे तेव्हा कळलं. पण जाता जाता एक भाग्य मिळालं. गाडीखालनं बाहेर निघालो आणि माणसांचे चेहरे दिसायला लागले. त्यातला एक चेहरा हौसाक्कांचा.

हौसाक्का म्हणजे आनंदा पैलवानांच्या मंडळी. पैलवान कसबा बावड्यात राहतात. एके काळी मैदान गाजवलेला माणूस. आता पोट पुढं आलंय, पण पंजा अजून पोळपाटाएवढा. घरात एक जुनी, पांढरी, छोटी पेट्रोल गाडी आहे. ती चालवायला हौसाक्का साठीच्या उंबऱ्यावर शिकल्या. पोरं नोकरीनिमित्त बाहेरगावी, पैलवानांचा गुडघा कामातनं गेलेला, क्लच दाबवत नाही. गाडी नुसती उभी राहून गंजायला लागली तशी एक दिवस त्यांनी पदर खोचला आणि ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. लायसन पहिल्या फेरीत मिळालं.

त्यांचं माहेर शिरोळकडं, कृष्णाकाठाला. तिथं थोरले भाऊ शंकरदादा. लायसनची बातमी सांगायला बहिणीनं फोन केला, तर दादा हसून हसून खोकायला लागले. "हौसे, तुला बैलगाडी कवा सरळ हाकता आली न्हाय. तू ये तर. मी येशीवर टॅक्टर घेऊन हुबा ऱ्हातो. वढून आणाय कोन तरी पायजेच की."

"दसऱ्याला येतो," हौसाक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला. आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल बोलताना येतो-जातोच म्हणतात.

दसऱ्याच्या आधी गाडीचं ऑइल बदलून घ्यायचं म्हणून मला बोलावणं आलं. काम करताना मी सहज म्हटलं, "आक्का, दादांनी चेष्टा केली, एवढं काय मनाला लावून घेतलासा?"

त्या गाडीची काच पुसत होत्या. हात थांबला. "मिस्त्री, लगीन झाल्यापासनं मी म्हायेरला किती येळा गेलो असंन?"

"लई वेळा गेला असशीला की."

"एकदा बी न्हाय. मला नेलंय आणि आणलंय. कवा दादानं, कवा ह्येंनी, कवा पोरांनी. कुणाला सवड घावली तर. ह्या दसऱ्याला मी जाणार."

मी गाडीखाली होतो म्हणून बरं.

आता त्या दिवशी काय झालं ते सांगतो, आणि यात कुणाचा दोष हे तुम्हीच ठरवा. माझ्याशिवाय दुसरं नाव निघणार नाही. ह्या गाडीचा फिल्टर इंजिनच्या पुढच्या अंगाला, खोल. बॉनेट उघडून वरनं खांद्यापर्यंत हात घातला की लागतो. मी जुना फिल्टर काढला. पैलवान शेजारी उत्सुकतेनं उभे. तेवढ्यात हौसाक्कांनी साबुदाण्याचे वडे आणले, आणि मला गोष्ट सांगायची हुक्की आली.

"पैलवान, फिल्टरमधी एक मेख असतीय," मी वडा मोडत म्हटलं. "जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी कधी इंजिनलाच चिकटून बसती. ती न बघता वर नवा चढवला की रिंगेवर रिंग बसती. आधी काय कळत न्हाय, मग एकदम तेल फुटून उडतंय. आमच्या गॅरेजात एका भाद्दरानं असंच केलतं, मालकाच्या अंगात पांढरा सफारी—" आणि मी त्या सफारीचं काय झालं ते उठून, हातवारे करून दाखवलं. पैलवान खदखदा हसले. मीही हसलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि त्या पाण्यानं भरलेल्या डोळ्यांनी मी नवा फिल्टर पैलवानांच्या हातात ठेवला. "बसवायचा मान तुमचा. हातानं आवळायचा, बास."

जुनी रिंग कुठं आहे हे मी बघितलं नाही. ती इंजिनला चिकटून, बहुतेक तीच गोष्ट ऐकत होती.

दुसरी गोष्ट. "हातानं आवळा" हे वाक्य धंद्यात माझ्यासारख्यांच्या हातांसाठी तयार झालेलं आहे. पैलवानांनी श्वास रोखून फिल्टरला पकड घातली, ती सोडली तेव्हा फिल्टरनं तक्रार केल्यासारखा आवाज काढला. मी गाडी चालू केली, खाली बघितलं. एक थेंब नाही. दांडी बघितली. झकास. हात धुऊन घरी आलो आणि उरलेले वडे शालनला दिले.

खंडेनवमीला सकाळी फोन वाजला. दसऱ्याचा आदला दिवस. पैलवानांचा आवाज बारीक झाला होता. "मिस्त्री, गाडीनं रांगोळी पुसली."

"म्हंजे?"

"मंडळींनी पूजेसाठी गाडी धुतली, रांगोळी काढली, चालू करून जरा रेस केली. तर खालनं काळं— न्हाय, काळं न्हाय, तुम्ही घातलेलं नवंच. सगळं अंगणात."

मला सफारी आठवला.

मी हत्यारांच्या पेटीकडं धावलो आणि दारातच थांबलो. पेटी पाटावर. पाने ओळीनं मांडलेले, वर हळद-कुंकू, झेंडूची फुलं, पुढं निरंजन. खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करतो, आणि आमच्या घरची रीत अशी, की बसवलेली हत्यारं दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावरच उठतात. तोवर हात लावायचा नाही.

"शालन, एकच. फिल्टर काढायचा पट्टा पाना. तेवढा काढून देतेस?"

"न्हाय."

"अगं, पैलवानांच्या गाडीतनं तेल गळतंय."

"चूक पान्याची का तुमची?"

"माझी."

"मग तुम्ही जावा. पान्याची आज सुट्टी हाय. वर्षभर तुमच्या हाताखाली काढत्यात बिचारी."

शेजारच्या गल्लीतल्या दोस्ताच्या गॅरेजवर गेलो. शटर उघडं, आत सगळे पाने हार घालून बसलेले. "दिनकर," तो म्हणाला, "खंडेनवमीला पाना मागतोस? उद्या रात्री ये, पेढा बी देतो." पुढच्या गॅरेजवर तेच, त्याच्या पुढच्यावरही तेच. सबंध कोल्हापुरात त्या दिवशी काम करणारा पाना नव्हता. माझ्याकडं उरलं काय, तर तेलाचा डबा, नरसाळं आणि फडकी. यांची पूजा कुणी करत नाही.

बावड्यात पोचलो. रांगोळीतलं कमळ तेलात बुडालेलं, झेंडूच्या पाकळ्या तरंगत होत्या. हौसाक्का पायरीवर बसल्या होत्या. हातात किल्ली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "उद्या मी जाणार का मला नेणार, तेवढं सांगा."

"जाणार," मी म्हटलं. कशाच्या जिवावर म्हटलं, देव जाणे.

बॉनेट उघडून हात घातला. फिल्टर तेलानं माखलेला. फडक्यानं पुसला, दोन्ही हातांनी पिळला. हलेना. बसवतानाची पैलवानांची पकड अजून त्याच्या अंगात होती. मी बाजूला झालो. "पैलवान, तुम्हीच आवळलाय, तुम्हीच सोडवा."

पैलवानांनी बाह्या सारल्या, हात घातला. फिल्टरवर तेल, पंजाला तेल, हात सुळकन निसटला आणि कोपर बॉनेटवर आपटलं. परत घातला, परत निसटला. तिसऱ्यांदा ते मागं सरकले, फिल्टरकडं नीट बघितलं. कुस्तीतली जोड तोलावी तसं. "ह्यानं अंगाला तेल लावलंय," ते म्हणाले. "अशा गड्याला आमच्यात काय करत्यात, ठावं हाय?"

आणि लंगडत शेजारच्या तालमीत गेले. परत आले ते मूठभर तांबडी माती घेऊन.

"पैलवान!" मी किंचाळलो. इंजिनच्या तोंडाशी माती आणणं म्हणजे डोळ्याच्या डॉक्टरासमोर तिखट उधळण्यासारखं. "अवो, मातीचा एक कण आत गेला तर इंजिन खाऊन टाकील ते."

"काय बी बोलू नका. आमच्या मातीत तेल असतंय, ताक असतंय, हळद, लिंबू. खाईल तर अंगाला लागंल त्याच्या."

"माती आत जाणार कशी?" पायरीवरनं हौसाक्का उठल्या. "डबा घट्ट बसलाय तवर त्याचं तोंड बंदच हाय न्हवं? वरच्या फटीला फडकं गुंडाळा. माती खालनं लावा. सुटला की थांबायचं, पुसायचं, मग उतरवायचा." आणि माझ्याकडं बघून, "का मिस्त्री? चुकतंय काय?"

चुकत नव्हतं. मी गप फडकं गुंडाळलं.

पैलवानांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले, माती आधी आपल्या दंडाला लावली, मग फिल्टरच्या बुडाला चोळली. तालमीतला रिवाज, समोरच्यालाही माती लावायची. मग पकड घातली. मानेच्या शिरा फुगल्या. मी गाडीचा बंपर धरला. का, ते मला माहीत नाही. कर्रर्र झालं.

"सुटला!" पैलवान ओरडले. "चीत!"

मग मी पुढं झालो. माती, तेल, सगळं फडक्यांनी टिपलं, जागा आरशासारखी केली, आणि मगच फिल्टर उतरवला. त्याची नवी रिंग त्याच्या तोंडाला होती, पिळवटून गेलेली. वर इंजिनला दुसरी, काळी, जळवेसारखी चिकटलेली. ती नखानं सोलून काढली आणि पैलवानांच्या तळहातावर ठेवली.

पैलवानांनी ती उलटसुलट करून बघितली. "हीच व्हय, त्या सफारीवाली?"

"त्याच घराण्यातली," मी म्हटलं.

पिळलेली रिंग परत वापरणं शहाणपणाचं नव्हतं. पाने मिळत नसले तरी बाजार चालू होता. नवा फिल्टर घेऊन आलो. इंजिनचं तोंड बघितलं. परत बघितलं. हौसाक्कांना बघायला लावलं. रिंगेला तेल लावलं आणि हात पुढं आला तो पोळपाटाएवढा.

"मी आवळू?"

"पैलवान, तुम्ही तालमीत जाऊन बसा. दार लावून."

माझ्या ह्या मऊ हातांनी आवळला, गळालेलं तेल भरून काढलं. हौसाक्कांनी स्वतः गाडी चालू केली आणि रेस केली. चांगली सणसणीत. आम्ही दोघं म्हातारे पोटावर पडून खाली बघत होतो. कोरडं. त्यांनी गाडी बंद केली, काच खाली घेतली. "उद्या तुम्ही माझ्यासंगं चलायचं. मागं बसायचं. तेल गळलं तर ढकलत म्हायेरला पोचवायचं." मग त्यांनी पाण्यानं अंगण धुवायला घेतलं, तेव्हा मात्र मी झाडू हिसकावून घेतला आणि तेल आधी फडक्यांनी टिपून डब्यात भरलं.

दसऱ्याला सकाळी निघालो. हौसाक्का स्टेअरिंगवर, नवं लुगडं, पाठ ताठ. पुढं शेजारी पैलवान. एकेकाळी ज्यांच्यासमोर भले भले थरकापले, त्या माणसानं दरवाजावरचं हॅंडल दोन्ही हातांनी धरलं होतं. "हळू," "ट्रक," "म्हस," एवढंच बोलत होते. हौसाक्का म्हणाल्या, "दिसतीया मला म्हस. तिला बी मी दिसतोया. तुम्ही गप बसा."

मी मागं. माझं सगळं लक्ष खाली. हातकणंगल्याजवळ राहवेना, गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याकडेला आडवा पडून बघितलं. एक मोटारसायकलवाला थांबला. "पावणं, दसऱ्याचं गाडीला दंडवत घालताय व्हय? लई श्रद्धा हाय तुमची."

"लई," मी म्हटलं. कोरडं होतं. जयसिंगपूरच्या पुढं परत दंडवत घातला. तिथंही कोरडं.

आणि गावाच्या वेशीवर खरोखरच ट्रॅक्टर उभा होता. आडवा. त्याच्यावर पांढरा सदरा, पांढरी टोपी घालून शंकरदादा. सोबत तमाशा बघायला आलेली दहा-बारा माणसं. हौसाक्कांनी ट्रॅक्टरसमोर हातभर अंतर ठेवून गाडी थांबवली. इंजिन बंद केलं नाही. काच खाली केली.

"दादा, टॅक्टर बाजूला घे. घरला जायाचं हाय मला."

दादांनी बहिणीकडं बघितलं, पैलवानांकडं बघितलं, मग वाकून माझ्याकडं. मी चालवून आणली आणि वेशीजवळ जागा बदलली, असा त्यांचा संशय असावा. मी हात जोडले. "दादा, रस्त्यावर मला स्कूटर सोडली तर काय बी येत न्हाय."

ट्रॅक्टर मागं घेताना त्यांच्याकडनं दोनदा बंद पडला. कुणी हसलं नाही. हसायचं फार मनात होतं सगळ्यांच्या.

वाड्यावर जेवणं झाली. पोळी, कटाची आमटी. हात धुऊन झाल्यावर दादांनी अंगणात येऊन गाडीभोवती एक फेरी मारली. टायरला पायानं टोचून बघितलं. बॉनेटवर हात फिरवला. मग दुसरीकडं बघत म्हणाले, "नदीपत्तूर जाऊन येती काय गं ही?"

"जाती की."

"मग… चल. बसतो."

हौसाक्कांनी किल्ली लावली. दादांनी पुढचं दार उघडलं, खाली बघितलं, आणि देवळात शिरावं तसं पायातल्या चपला काढून आत बसले.

"दादा, घालून बस की. गाडी हाय ही."

"ऱ्हाऊ दे," दादा म्हणाले.

पैलवान वाड्याच्या ओसरीवर घोरत होते. गाडी फाटकातनं बाहेर पडली, उसाच्या पट्ट्यात वळली, हॉर्न एकदा उगीचच वाजला. मी सवयीनं उठलो आणि ती उभी होती तिथं जाऊन वाकून बघितलं. माती कोरडीठाक होती. तेलाचा एक थेंब नव्हता. नुसत्या दादांच्या चपला होत्या, एकीला एक लागून, नीट काढून ठेवलेल्या.